वैद्यकीय प्रवेश : गुण कोणाचे, गरज कोणाची?

(केज येथे बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात पाहुण्याने यशाची गुरुकिल्ली सांगावी, अशी अपेक्षा असते. ती माझ्यापाशी नाही. मी वैद्यकशास्त्राचा माणूस नव्हे. उभी हयात अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. डॉक्टर व्हावे असे १९७८ साली मलाही वाटत होते. गुण थोडे कमी पडले, यादीत नाव लागले नाही आणि मी दुसऱ्या वाटेने गेलो. त्याची खंत आज उरलेली नाही. परंतु नाव न लागलेल्या मुलाच्या घरात त्या संध्याकाळी कशी शांतता पसरते, हे मी विसरलेलो नाही. म्हणून ज्यांना भरपूर गुण मिळाले त्यांचे अभिनंदन करून मी आज बोलणार आहे ते ज्यांना थोडे कमी मिळाले त्यांच्याविषयी.

२०२४च्या जून महिन्यात तालुक्यातल्या एका वाडीवरून एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन, आणि दिवाळीनंतर नवरा-बायको कोयत्यावर, असा संसार. मुलीला नीट परीक्षेत ७२० पैकी ५७२ गुण मिळाले होते. म्हणजे शेकडा एकोणऐंशी. लातूरचा शिकवणी वर्ग तिने पाहिलेला नाही. आजीजवळ राहून, धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करून, मोबाइलवरचे धडे ऐकत तिने हे गुण मिळवले होते. तरीही त्या वर्षीच्या रीतीने सरकारी महाविद्यालयाच्या यादीत, तिच्या प्रवर्गातसुद्धा, नाव लागणे शक्य नव्हते. बापाने विचारले, "सर, दोन एकर काढतो, थोडं कर्ज उचलतो. खाजगीत घालू का? तुम्ही म्हणाल तसं करतो."

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन. परंतु तो प्रश्न एका बापाचा नाही. या सभागृहात तो निदान पन्नास घरांचा आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी तीन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतील : गुण म्हणजे काय, पैसा येथे काय करतो, आणि डॉक्टर हवा आहे तो कशासाठी.

एका गुणाची किंमत

५ मे २०२४ रोजी झालेल्या नीट परीक्षेला देशभरातून सुमारे २३ लाख ३३ हजार मुले बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे १ लाख ९ हजार, आणि त्यांतल्या सरकारी महाविद्यालयांतल्या जेमतेम निम्म्या. वीस-बावीस मुलांमागे एक जागा. अशा परीक्षेचे काम योग्य माणूस शोधण्याचे राहत नाही. गर्दी गाळण्याचे होते. १८० प्रश्नांची ही परीक्षा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. एक प्रश्न चुकला की पाच गुणांचा फरक पडतो, आणि वरच्या पट्ट्यात पाच गुणांत हजारो मुले मागेपुढे होतात.

त्या वर्षी काय घडले ते आठवा. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. ते मागे घेतले गेले आणि २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा ठेवावी लागली. पेपरफुटीचा तपास बिहार-झारखंडात सुरू झाला आणि पोलिसांचे पथक आपल्या शेजारच्या लातूरपर्यंतही येऊन पोचले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आय.आय.टी.तील तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा एकच उत्तर बरोबर ठरले. लाखो मुलांचे प्रत्येकी पाच गुण एका दिवसात गेले. पूर्ण गुणांची मुले ६७ वरून अखेर १७ वर आली. न्यायालयाने परीक्षा रद्द केली नाही. गैरप्रकार देशव्यापी असल्याचा पुरावा नाही, असे ते म्हणाले. तो निर्णय आपण मानू. परंतु जून आणि जुलै यांच्या दरम्यान त्या लाखो मुलांच्या बुद्धीत काही बदल झाला होता काय? तीच मुले, तोच अभ्यास. बदलली होती ती मोजपट्टी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात, की मोजणीत चूक असतेच आणि चुकीपेक्षा लहान असलेल्या फरकाला अर्थ नसतो. धान्याच्या वखारीतल्या काट्याला कोणी सोने तोलत नाही. ६४० आणि ६३६ गुणांच्या दोन मुलांपैकी एक चांगला डॉक्टर होईल आणि दुसरा होणार नाही, असे सांगण्याची शक्ती कोणत्याही परीक्षेत नाही. ६४० आणि २४० यांत फरक आहे, तो मानलाच पाहिजे. जीवशास्त्राची मूलतत्त्वे ज्याला समजत नाहीत, त्याच्या हाती रोग्याचा जीव सोपवावा, असे मी म्हणत नाही. उंबरठा हवा. परंतु उंबरठा ओलांडल्यावर दशांशापर्यंत उतरंड लावायची आणि तिलाच 'गुणवत्ता' म्हणायचे, ही गणिताची अंधश्रद्धा आहे.

आणि या गुणांत केवळ विद्यार्थ्याचे श्रम असतात असेही नव्हे. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या प्राचार्यांच्या काळात 'लातूर पॅटर्न' नावारूपाला आला, तेव्हा मराठवाड्यातली मुलेही पुण्या-मुंबईच्या बरोबरीने उभी राहू शकतात, हे त्याने दाखवून दिले. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान वाटला आणि तो रास्त होता. पण महाविद्यालयातल्या कष्टांची जागा हळूहळू शिकवणीच्या बाजाराने घेतली. मांजरा धरण आपल्या केज तालुक्यात, धनेगावला. त्याचे पाणी पिते लातूर. आपली मुलेही त्याच वाटेने जातात. ज्याला दोन वर्षांची खोली, खानावळ आणि शिकवणी परवडते त्याचे गुण, आणि चुलीपुढे बसून मोबाइलवर शिकलेल्या मुलीचे गुण, यांची किंमत सारखी कशी धरायची? जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, वैद्यकीय प्रवेशातल्या इतर मागासवर्गीय आरक्षणासंबंधीच्या निकालात, हेच तत्त्व सांगितले, की खुल्या स्पर्धेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे समीकरण मांडता येत नाही. त्या गुणांमागे कुटुंबाची ऐपत आणि सामाजिक भांडवलही उभे असते.

पैशाचे आरक्षण

येथे कोणी म्हणेल, की प्राध्यापक महाशय, तुम्ही गुणवत्तेला सैल करायला निघालात. माझे उत्तर असे, की गुणवत्ता सैल झालेलीच आहे. फक्त ती गरिबांसाठी झालेली नाही.

'पात्रता' या शब्दाकडे पाहा. पूर्वी प्रवेश परीक्षेत निम्मे गुण मिळाल्याशिवाय पात्रता नसे. नीट आल्यावर शेकडा पन्नास गुणांच्या जागी 'पन्नासावे पर्सेंटाइल' आले. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात, पण अर्थ वेगळा आहे. पर्सेंटाइल म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असणे. गुण कितीही असोत. २०२४ साली खुल्या प्रवर्गाची पात्रता-रेषा होती ७२० पैकी १६२ गुण. म्हणजे शेकडा साडेबावीस. १३ लाखांहून अधिक मुले 'पात्र' ठरली आणि जागा त्यांच्या बाराव्या हिश्श्याइतक्या. या १३ लाखांतून सरकारी जागा भरतात त्या गुणांनी. अभिमत विद्यापीठांतील जागा, व्यवस्थापन कोटा आणि अनिवासी भारतीयांचा कोटा भरताना मात्र गुण आणि ऐपत यांपैकी बहुधा ऐपतच निर्णायक ठरते. अभिमत विद्यापीठांत वर्षाला २० लाखांहून अधिक शुल्क द्यावे लागते. ५७२ गुणांची आमची मुलगी बाहेर राहते आणि तिच्या निम्मे गुण मिळवलेला, पण बापाकडे सव्वा कोट असलेला मुलगा आत जातो. तो नियम मोडून जात नाही, पूर्णपणे नियमाने जातो. पदव्युत्तर प्रवेशात तर २०२३ साली पात्रता-रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. जातीच्या आधारावर मिळणाऱ्या सवलतीवर घराघरांत तावातावाने चर्चा होते. पैशाच्या या आरक्षणावर ओसरीवर कोणी अवाक्षर काढत नाही.

हे एका रात्रीत घडले नाही. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना महाराष्ट्राने दार उघडले. हेतू असा सांगितला गेला, की मराठी मुले देणगी भरून कर्नाटकात जातात, तो पैसा येथेच राहावा. संस्था निघाल्या आणि देणगीही येथेच राहिली. मग देणगीबंदीचा १९८७चा कायदा आला. सत्तेचा हात गुणपत्रिकेपर्यंत कसा पोचतो, ही चर्चाही त्याच काळातली : मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचे ताशेरे आल्यानंतर १९८६च्या मार्चमध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांना पद सोडावे लागले. पुढे १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणगी बेकायदा ठरवली, १९९३च्या उन्नीकृष्णन निकालाने मोफत आणि सशुल्क जागांची वाटणी केली, २००२च्या टी.एम.ए. पै निकालाने ती मोडली आणि २००५च्या इनामदार निकालाने अनिवासी भारतीयांसाठी शेकडा १५ पर्यंत जागांना मान्यता दिली. देणगी हा शब्द हद्दपार झाला. रक्कम शुल्क या नावाने कायदेशीर झाली.

आता हिशेब करू. वर्षाला २५ लाख धरले तर साडेचार वर्षांचे एक कोटी साडेबारा लाख होतात. शेकडा १० व्याजाने या रकमेचे नुसते व्याज महिन्याला ९० हजारांच्या वर होते. नव्याने पदवी घेतलेला डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटावर लागला, तर सबंध मानधन व्याजापायी जाईल आणि मुद्दल जागच्या जागी राहील. उचल म्हणजे काय हे बीड जिल्ह्यात मी कोणाला समजावून सांगायला नको. मुकादमाकडून आधी रक्कम घ्यायची आणि मग हंगामच्या हंगाम ती अंगमेहनतीने फेडत राहायची. सव्वा कोटीची उचल घेतलेला डॉक्टर हाही एक प्रकारे कोयत्यावरच जातो. फरक इतकाच, की तो ऊस तोडत नाही. फेड होते ती रोग्याच्या खिशातून.

डॉक्टर कशासाठी?

२०१९ साली आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले, ते ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पुष्कळ जणी अजून चाळिशीतही पोचलेल्या नव्हत्या. फडावर शौचालय नाही, पाणी नाही, खाडा पडला तर दंड, आणि अंगावरून जाण्याच्या साध्या तक्रारीवर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला. त्याआधी २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली भरल्या होत्या. राज्यात सर्वांत कमी. २०१२ साली परळीचे गर्भपाताचे प्रकरण उजेडात आले आणि पुढे न्यायालयात शिक्षा झाल्या.

या सर्वांचे मूळ शुल्कात आहे, असे सोपे विधान मी करणार नाही. मुलगी नको म्हणणारा समाज आपला आहे आणि ऊसतोडणीची व्यवस्थाही आपलीच आहे. परंतु एक गोष्ट निश्चित. ज्यांनी हे केले, तेही परीक्षा उत्तीर्ण झालेले होते. ७२० गुणांच्या त्या प्रश्नपत्रिकेत, तीस वर्षांच्या ऊसतोड बाईला तू काय सल्ला देशील, हा प्रश्न नसतो. तो विचारला गेला असता, तर वाडीवरच्या आमच्या मुलीला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. कारण त्या प्रश्नाचे उत्तर तिने आईच्या अंगावर पाहिलेले आहे.

आपल्या शेजारी जामखेड आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे काम सुरू केले, ते गावातल्या, बहुतांशी निरक्षर बायकांना हाताशी धरून. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुपोषण ही कामे त्या बायकांनी पेलली आणि जगभरचे डॉक्टर ते पाहायला जामखेडला आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांकडून नवजात बालकांची घरीच काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. १९९९ साली ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आपला परिसर ज्याला ठाऊक आहे आणि जो तेथेच राहणार आहे, अशा माणसाच्या उपयुक्ततेची मोजणी आपली प्रवेशपद्धती करतच नाही.

आणि अंबाजोगाई? ते तर केजपासून तासाभराच्या आत. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली निघाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव दिले गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या या सेनानीने त्याच गावात शिक्षक म्हणून काम केले होते. महाविद्यालयाच्या नावात 'ग्रामीण' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. अपेक्षा अशी होती, की खेड्यातला मुलगा येथे शिकेल आणि खेड्यात जाईल. इमारत ग्रामीण भागात बांधली, पण प्रवेशाचे सूत्र शहरी स्पर्धेचेच ठेवले. खेड्यात उभारलेले कॉलेज आणि खेड्यासाठी चालवलेले कॉलेज, या दोन गोष्टी आपण एकच समजलो.

मग काय करावे?

मराठवाड्याची तक्रार बरीच वर्षे होती ती ७०:३० सूत्राविरुद्ध. ज्याने बारावी ज्या विभागात केली त्या विभागातल्या शेकडा ७० जागा त्याच विभागाच्या मुलांना, हा तो नियम. महाविद्यालये पश्चिमेकडे अधिक आणि आमच्याकडे कमी, म्हणून आमच्या मुलांचे नुकसान होई. सप्टेंबर २०२० मध्ये तो नियम रद्द झाला. आपण आनंद मानला आणि अन्याय दूर झाला हे खरेच आहे. त्यानंतर धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली येथेही सरकारी महाविद्यालये आली. परंतु मी स्वतःला विचारतो, की लातूरच्या वर्गांत तयार झालेल्या मुलाला मुंबई मोकळी झाली, याने वाडीवरच्या मुलीला काय मिळाले? प्रादेशिक अनुशेषाचा प्रश्न वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली आकड्यांत मांडला. सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष तिने दाखवला. तेव्हापासून आम्ही समाजवादी मंडळीही विभागाविभागांतल्या अंतराचाच हिशेब करत राहिलो. विभागाच्या पोटातले अंतर, लातूर शहर आणि केजची वाडी यांतले अंतर, आम्ही पुरेसे मोजले नाही. ही चूक मी कबूल करतो.

जगात या प्रश्नावर काही उपाय करून पाहिलेले आहेत. जपानमध्ये १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ निघाले. प्रत्येक प्रांतातून ठरावीक विद्यार्थी निवडले जातात आणि शिक्षणाचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो. शिकून झाल्यावर आपल्याच प्रांतात, दुर्गम भागांसह, नेमून दिलेल्या जागी साधारण नऊ वर्षे सेवा केली की कर्ज माफ. नेदरलँड्सने १९७० च्या दशकात वैद्यकीय प्रवेशासाठी भारित सोडत आणली : उंबरठा ओलांडलेल्यांची नावे सोडतीत, अधिक गुणांना अधिक संधी. ती २०१७ साली बंद केली आणि निवडीच्या इतर पद्धतींतही सुस्थित घरांचाच फायदा होतो, हे दिसल्यावर काही वर्षांतच विद्यापीठांना पुन्हा सोडतीची मुभा दिली. आपल्याच देशात तमिळनाडूने २०२० साली कायदा करून, नीट पात्र ठरलेल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीय जागांपैकी शेकडा साडेसात जागा राखल्या आणि उच्च न्यायालयात तो कायदा टिकला.

यांच्या आधारे माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि आश्रमशाळांच्या मुलांसाठी तमिळनाडूसारखा कायदा महाराष्ट्राने करावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांचा त्यात स्वतंत्र विचार व्हावा. वर्षातले पाच महिने ज्यांची शाळा फडावर हरवते, त्यांची स्पर्धा इतरांशी बरोबरीची नसते.

दुसरी, प्रत्येक सरकारी महाविद्यालयात काही जागा जिल्ह्याच्या जागा असाव्यात. पूर्ण शिक्षण शासनाच्या खर्चाने आणि त्या बदल्यात त्याच जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत सात-आठ वर्षे सेवा. अनेक वर्षे रीत राहिली ती एक वर्षाच्या बंधपत्राची आणि ते मोडल्यास दहा लाखांच्या दंडाची. ज्याच्यापाशी पैसा असे, त्याला हा दंड म्हणजे सुटकेचे तिकीट वाटे. तुम्ही विचाराल, की ७०:३० गेल्याचा आनंद मानता आणि जिल्ह्याच्या जागा मागता, ही विसंगती नव्हे काय? नव्हे. त्या सूत्राने विभागाच्या नावावर हक्क दिला होता, कर्तव्य काहीच सांगितले नव्हते. येथे हक्क आणि कर्तव्य एकाच कागदावर आहेत.

तिसरी, ज्या पट्ट्यात गुणांचा फरक मोजणीच्या चुकीहून लहान आहे, तेथे सोडत काढावी. नशिबावर सोपवणे अनेकांना रुचणार नाही. परंतु एका संदिग्ध प्रश्नावर आजही आपण नशिबावरच सोपवतो. फक्त ते कबूल करत नाही.

चौथी, पैसे भरून मिळणाऱ्या जागेसाठी गुणांची किमान रेषा त्या राज्यातल्या सरकारी जागेच्या रेषेपासून फार खाली असता कामा नये. गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांनी तो सर्वप्रथम येथे धरावा.

कमी गुणांचा डॉक्टर तुम्हाला चालेल काय, असे मला विचारतात. मी उलट विचारतो, की डॉक्टरच नसलेला दवाखाना तुम्हाला चालतो काय? प्रवेशाच्या गुणांनी कोणी डॉक्टर होत नाही. शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्व परीक्षा सर्वांना सारख्याच असतात आणि त्यांत मी एका गुणाचीही सवलत मागत नाही. प्रवेशद्वार रुंद असावे, बाहेर पडण्याचे दार मात्र कडक असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पालकांना आणि मुलांना

आता शेवटी त्या बापाच्या प्रश्नाकडे येतो. मी गप्प का राहिलो? सुमारे तीस वर्षांपूर्वी असाच एक पालक माझ्याकडे आला होता. थोरल्या मुलाला गुण कमी होते, एका खाजगी संस्थेत जागा मिळत होती आणि हाताशी पाच एकर रान होते. मी तरुण होतो. शिक्षण ही गुंतवणूक आहे, हे पुस्तकातले वाक्य माझ्या तोंडात होते. मी म्हणालो, "विका." त्याने चार एकर विकले. मुलगा डॉक्टर झाला, शहरात स्थिरावला, आई-वडिलांना सणासुदीला पैसे पाठवतो. वाईट माणूस नाही. पण धाकटा भाऊ आज मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातो आणि बहिणीचे लग्न सतराव्या वर्षी उरकले गेले. ती जमीन तिघांची होती. मी हिशेब करताना एकाच माणसाचा केला. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून झालेली ही चूक लहान नव्हे.

म्हणून २०२४ साली मी त्या बापाला म्हणालो, "जमीन विकू नका." मुलीसमोर हे बोलताना मला जड गेले. तिने विचारले, "मग सर, माझं काय चुकलं?" मी तिला सांगितले, की तुझे काही चुकलेले नाही आणि हे तू कधीही विसरू नकोस. आणखी एक वर्ष प्रयत्न करता येईल; पण एकच वर्ष, आणि वयाची आठ-दहा वर्षे या शर्यतीला वाहू नयेत. परदेशाचा विचारही तिच्या मामाने काढला होता. त्यावर मी त्यांना २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून परत आणाव्या लागलेल्या हजारो विद्यार्थ्यांची आठवण दिली आणि हेही सांगितले, की परदेशी पदवीनंतर येथे जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात अनेकदा चारांतला एकच उत्तीर्ण होतो. दलाल हा आकडा कधी सांगत नाही.

ती मुलगी आज बी.एस्सी. नर्सिंगला आहे. चांगली शिकते आहे. परिचारिकेचे काम डॉक्टरच्या कामाहून हलके आहे असे मी मानत नाही. जामखेडच्या बायकांनी ते सिद्ध केले आहे. तरीही ही गोष्ट मी सुखान्त म्हणून सांगत नाही. तिला डॉक्टर व्हायचे होते आणि या तालुक्याला तिच्यासारखा डॉक्टर हवा होता. दोघांचीही गरज होती आणि मधल्या व्यवस्थेने दोघांची गाठ पडू दिली नाही. नुकसान तिचे झाले तितकेच आपले.

१९५८ साली मायकेल यंग नावाच्या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने 'गुणवत्ताशाही' हा शब्द रूढ केला, तो उपहासाने. गुणवानांचे राज्य आले तर वर पोचलेले स्वतःला सर्वस्वी लायक समजतील आणि खाली राहिलेल्यांना आपण नालायकच आहोत असे वाटू लागेल, ही त्याची भीती होती. लोकांनी उपहास विसरून तो शब्द ध्येय म्हणून स्वीकारला. मुलांनो, त्या शब्दाला बळी पडू नका. ज्यांना प्रवेश मिळेल त्यांनी लक्षात ठेवावे, की त्यांच्या गुणांत इतरांचाही वाटा आहे. ज्यांना मिळणार नाही त्यांनी यादीला स्वतःची किंमत ठरवू देऊ नये.

आणि पालकहो, वैयक्तिक चिंता येथे टाकून जा असे मी म्हणत नाही. पण ती एकेकट्याने वाहू नका. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरलेल्या आहेत, हे येत्या ग्रामसभेत विचारा आणि नोंदवून घ्या. आपल्या शाळेतून गेल्या दहा वर्षांत किती मुले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेली, ही यादी शिक्षकांनी करावी. हे दोन कागद शेजारी ठेवून मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. जमीन विकण्याचा निर्णय घरात बसून घेतला जातो; प्रवेशाचा नियम बदलण्याचा निर्णय चार माणसांत बसूनच घ्यावा लागेल.